आठ आठवड्यांचा खाडा

चुलीवर आधण चढवण्याआधी आनंदाबाई रोज पदराला हात पुसत ओसरीच्या पायरीवर येऊन उभ्या राहत आणि समोरच्या चाळीकडे तोंड करून एकच प्रश्न विचारत, "आज कोण नाई?"

खोल्याखोल्यांतून उत्तरं येत. कोणी दातवण चावत सांगे, "मी संध्याकाळी नाई मावशी, हिंगणघाटले चाललो." कोणी नुसतंच म्हणे, "हाओ मी, हाओ." क्षणभर थांबून त्या आत वळत आणि तेवढ्याच माणसांची डाळ मोजून घेत. पाऊस असो, थंडी असो, सण असो, हा प्रश्न चुकला नाही. नालवाडीत नवीन राहायला आलेल्याला पहिल्या दिवशी वाटे, बाईंचं कोणीतरी हरवलंय.

त्यांची खाणावळ वर्ध्याच्या बाहेर, नालवाडीच्या रस्त्याला लागून होती. मेंबर सोळा. महिन्याचे तीस रुपये, दोन वेळचं जेवण. म्हणजे एका जेवणाचे आठ आणे. आधण चढायच्या आत ज्यानं 'नाही' म्हटलं, त्याचा त्या जेवणाचा खाडा धरायचा आणि महिन्याच्या शेवटी आठ आणे वजा करायचे, हा त्यांचा नियम. गावातल्या दुसऱ्या खाणावळींत सलग चार दिवस गैरहजर राहिल्याशिवाय खाडा मिळत नसे. आनंदाबाई एका जेवणाचाही देत. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "जे शिजवलंच नाई त्याचे पैसे कायचे घ्यायचे?"

त्यांचा नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. तो तापानं गेला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. मागे मूल नव्हतं. जिनिंगमधल्याच दोन कामगारांना त्यांनी डबा करून द्यायला सुरुवात केली. दोनाचे पाच झाले, पाचाचे अकरा. अक्षरओळख सहीपुरती. पण दहा पायली ज्वारीच्या किती भाकरी होतील, शेरभर तुरीच्या डाळीत किती ताटं निघतील, हे त्या धान्याकडे पाहून सांगत, आणि एखादी भाकर इकडेतिकडे झाली तर दिवसभर त्यांना चैन पडत नसे.

रुखमा त्यांच्या बहिणीची, तळेगावच्या रामबाईची मुलगी. अकराव्या वर्षी शिकायला म्हणून मावशीकडे आली आणि इथलीच झाली. मॅट्रिक झाली, मग ट्रेनिंग, मग वर्ध्यात मास्तरीण. तिची धाकटी बहीण भागीरथा जन्मापासून बहिरी. तळेगावात तिला सगळे वेडी समजत. रुखमा सुटीत गेली की तिच्यासमोर बसून ओठांच्या हालचालीवरून तिला शब्द ओळखायला शिकवी. तीन उन्हाळ्यांत भागीरथा चाळीस शब्द ओळखू लागली, आणि रुखमाच्या डोक्यात काहीतरी पक्कं झालं. १९५५च्या एप्रिलमध्ये तिला मँचेस्टरहून पत्र आलं. बहिऱ्या मुलांना शिकवण्याच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला तिला जागा मिळाली होती. फी आणि जाण्यायेण्याचं बोटीचं भाडं मुंबईची एक धर्मादाय संस्था देणार होती. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र घरच्यांचा. पालकानं वर्षाच्या खर्चाचा अंदाज लिहून, सही करून जूनअखेर पाठवायचा आणि तेवढे पैसे दोन हप्त्यांत भरायचे, अर्धे ऑगस्टमध्ये, उरलेले जानेवारीअखेर. शेवटी एक ओळ जाड अक्षरात होती : परदेशी चलनाची परवानगी या अंदाजावरच मिळेल, एकदा लिहिलेल्या आकड्यापलीकडे नंतर काहीही पाठवता येणार नाही.

रुखमाचे वडील गोमाजी तळेगावहून आले, पत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले याच्यातलं काई समजत नाई. तुह्या मावशीले समजते. तिलेच पालक कर." कापसाचे पाचशे रुपये त्यांनी ठेवले, वरणभात जेवले आणि दुपारच्या मोटारनं परत गेले.

तर विलायतेच्या खर्चाचा अंदाज नालवाडीच्या स्वयंपाकघरात, चुलीसमोर बसून झाला.

लिहायला सदाशिवराव होते. हे स्टेशनवर माल ऑफिसात क्लार्क, आनंदाबाईंचे सर्वांत जुने मेंबर. घर रोहण्याला. दर शनिवारी संध्याकाळी पॅसेंजरनं पुलगाव आणि तिथून आर्वीच्या छोट्या गाडीनं रोहणा. सोमवारी सकाळी परत. म्हणजे आठवड्याला तीन जेवणांचे खाडे, न चुकता. ते आपल्या वहीत लिहून ठेवत, आनंदाबाई डोक्यात ठेवत, आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही आकडे जुळले की सदाशिवराव थोडे नाराज दिसत.

"पौंड म्हणजे तेरा रुपये पाच आणे चार पै," त्यांनी चष्मा पुसत सुरुवात केली.

"असा अर्धवट काऊन आहे तो?" आनंदाबाई म्हणाल्या. "तीन पौंड घ्या. तीनचे किती?"

सदाशिवरावांनी गुणाकार केला. "चाळीस. बरोब्बर चाळीस."

"मंग तिनानं मोजा. तिथली बाई हप्त्याचे किती घेते?"

कॉलेजनं पाठवलेल्या कागदावर राहायच्या घरांची यादी होती. त्यात हार्टली नावाच्या एका बाईचं घर रुखमानं निवडलं होतं. खोली, सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण, हप्त्याला म्हणजे आठवड्याला तीन पौंड.

"चाळीस रुपये! हप्त्याले?" आनंदाबाई ताठ बसल्या. "मी महिन्याचे तीस घेते बाप्पा. ताटात सोनं वाढते का ते?"

"खोलीही हाय मावशी त्याच्यात," रुखमा म्हणाली.

"हाय तं असू दे."

त्यांनी डब्यातून तुरीच्या डाळीचे दाणे काढले आणि जमिनीवर एकेक ठेवत गेल्या. एक दाणा म्हणजे एक आठवडा. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून जूनच्या अखेरीनंतर बोटीत बसेपर्यंत चाळीस दाणे झाले. चाळीस चाळीस सोळाशे. दुपारचं खाणं, बस, धुणंपाणी, टपाल यांना हप्त्याला एक पौंड धरला. त्याचे पाचशे तेहतीस आणि वर काही आणे. गरम कपड्यांना पंधरा पौंड, म्हणजे दोनशे. सगळे मिळून दोन हजार तीनशे तेहतीस रुपये पाच आणे चार पै.

मग जवळचे पैसे मोजले. रुखमाचे साठलेले सातशे, गोमाजींचे पाचशे, आनंदाबाईंचे साडेआठशे. हे साडेआठशे म्हणजे त्यांच्याजवळ होते नव्हते तेवढे सगळे. दोन हजार पन्नास. सदाशिवरावांनी बेरीज दोनदा तपासली, म्हणून काही ती वाढली नाही.

मग त्यांनीच पेन्सिल कानावरून काढली. "बाई, खाडा धरला का?"

"कोणता?"

"अरे, कोणता काय! नाताळची सुटी चार हप्ते, ईस्टरची चार. इथं लिहून हाय. सुटीत पोरगी जेवणार हाय का तिथं?"

आनंदाबाईंचा चेहरा उजळला. "बरं सांगतलं तुमी. मी अशी कशी इसरली वं?" आणि त्यांनी मांडलेल्या दाण्यांतले आठ उचलून डब्यात परत टाकले. आठ आठवडे, तीनशे वीस रुपये. आता आकडा दोन हजार तेरावर आला. वर सदतीसेक रुपये शिल्लकच राहत होते.

त्या दुपारी तिघंही खुशीत होते. रुखमासुद्धा, जिच्या हातात तो छापील कागद होता. ती या खाणावळीतच वाढली होती. दिवाळी आली की मेंबर कमी, होळी आली की कमी, शाळा-कॉलेज सुटलं की निम्मी ओसरी रिकामी, आणि जो गेला त्याचा खाडा. सूर्य उगवण्याइतकं ते सरळ होतं.

अंदाज पाठवायला अजून महिना दीड महिना होता. आनंदाबाईंना एक रुखरुख मात्र होती. त्या सदाशिवरावांना म्हणाल्या, "त्या बाईले एक चिठ्ठी लिहून द्या. खाड्यासाठी तिले किती दिवस आधी सांगा लागते, ते विचारा. माह्याकडे सकाळी सांगतलं तरी चालते, पण तिचा नियम वेगळा असन. पोरगी ऐन वेळेवर सांगन अन् तिचं अन्न वाया जाईन, तसं नको."

सदाशिवरावांनी निळं हवाई पत्र आणलं आणि इंग्रजीत लिहायला बसले. पहिली चार मिनिटं ते लिहीतच राहिले.

"एवढं काय लिहून राह्यले? मी तं एकच गोष्ट सांगतली."

"सुरुवात करा लागते बाई. सन्माननीय महोदया, आपल्या सुप्रसिद्ध निवासस्थानाविषयी..."

"ते खोडा. मी बोलते तेवढंच लिहा. लिहा, मी पण खाणावळ चालवते. लिहा, माह्याकडे सोळा जेवतात, तुमच्याकडे किती? लिहा, पोरीले तिखट लागते पण नाई मिळालं तं मागणार नाई. अन् मंग खाड्याचं विचारा."

"इंग्रजीत खाड्याले शब्द नाई."

"मंग समजावून सांगा. तुमाले तं खाडा चांगला समजते."

रुखमा हसू दाबायला पाणी आणायच्या निमित्तानं उठली.

उत्तर यायला अठरा दिवस लागले. पोस्टमन ते रुखमाच्या शाळेत न देता सरळ ओसरीवर घेऊन आला. पाकिटावर आनंदाबाईंचंच नाव होतं. त्यांच्या नावानं आयुष्यात आलेलं ते पहिलं पत्र. सदाशिवराव संध्याकाळी येईपर्यंत त्यांनी ते मिठाच्या बरणीमागे उभं करून ठेवलं, आणि ते आल्यावर आधी वाढलं, जेवण होऊ दिलं, मग दिलं.

हार्टलीबाईचं अक्षर मोठं आणि गोल होतं. सदाशिवराव एकेक वाक्य वाचत आणि मराठीत सांगत. तिच्याकडे सात जण जेवतात. एकोणीस वर्षं ती घरात माणसं ठेवते. पण तुमच्याकडे किती जेवतात, असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. खोलीत गॅसची शेगडी आहे, तिच्या पेटीत नाणं टाकलं तरच ती पेटते. थंडीत हप्त्याला दोनतीन शिलिंग लागतील, ते धरून ठेवा. कोट तिथून आणू नका, आदल्या मुलीनं मागे ठेवलेला एक चांगला कोट आहे. लोकरीचे दोन बनियन मात्र आणा.

"चांगली बाई हाय," आनंदाबाई म्हणाल्या. "कोटाचे वाचले, त्यातच शेगडी भागन. अन् खाड्याचं?"

सदाशिवरावांनी पुढची ओळ मनात वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा वर सरकवून, नजर कागदावरच ठेवून म्हणाले, "खाडा नाई म्हणते."

"नाई?"

"खोली पोरीच्या नावानं अडकून राह्यते. म्हणून पुरे तीन पौंड, सुटीतही. अन् पुढं लिहिते," ते जरा थांबले, "पुढं लिहिते का, मला तुमचा प्रश्न नीट कळला नाही. सुटीत ती मुलगी जाईल कुठे?"

ओसरीवर जेवणाऱ्यांपैकी कोणीतरी पाणी मागितलं. रुखमानं नेऊन दिलं. आनंदाबाई हातात डाव घेऊन तशाच बसल्या होत्या.

बावीस वर्षं त्या माणसं जेवू घालत होत्या. सुटीत माणूस घरी जातो, हे त्यांना कधी वेगळं म्हणून दिसलंच नव्हतं. मोटार असे, छोटी गाडी असे, बैलांची दमणी असे, नाहीतर पाय असत. कोणी तळेगावला, कोणी रोहण्याला, कोणी आष्टीला. ज्याला सुटीत जायला जागाच नाही असा मेंबर त्यांच्या ओसरीवर एकदाही बसला नव्हता. आणि आता तो त्यांच्या घरातूनच जायचा होता. नाताळात सगळं कॉलेज रिकामं होईल, आणि रुखमा त्या शेगडीसमोर एकटी बसलेली असेल; आणि तिच्या मावशीनं त्या चार आठवड्यांचं तिचं जेवणच हिशेबातून काढून टाकलेलं असेल. त्यांना एकदम फार लाजल्यासारखं झालं.

"चूक माही हाय," सदाशिवराव म्हणाले. "मीच खाड्याची आठवण देल्ली."

"दाणे म्या उचलले," आनंदाबाई म्हणाल्या.

रुखमा हळूच म्हणाली, "मावशी, तो दोन हजार तेराचाच कागद पाठवू. मी तिथं काटकसर करीन. दुपारचं नाई खाणार."

"नाई."

"शनवार-सोमवार उपास करत असतोच की आपण..."

"तू करजो उपास, तुले करायचा तं. मी उपासाचा हिशेब लिहून देणार नाई." आवाज चढला नव्हता, पण रुखमानं तो विषय सोडला. ती म्हणाली, "मंग मी पुढच्या वर्षी जाईन."

पुढच्या वर्षी ती जागा नसेल, संस्थेचे पैसे नसतील, हे तिघांनाही माहीत होतं. कमी पडत होते दोनशे त्र्याऐंशी रुपये आणि काही आणे. ते जानेवारीअखेरपर्यंत उभे करायचे होते. बहिणीच्या घरून आणखी काही निघणार नव्हतं. सावकाराच्या पायरीवर आनंदाबाई वैधव्याच्या पहिल्या वर्षीही गेल्या नव्हत्या. दर वाढवावा तर कॉलेजची पोरं दुसऱ्या खाणावळीत जातील.

चार दिवस त्या आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होत्या. भाकरी थापताना, जवसाची चटणी कुटताना, ओठ हलत. पाचवा दिवस रविवार होता, तो टाळून सोमवारी, म्हणजे सदाशिवराव असतील असा दिवस पाहून, त्यांनी सगळ्यांना जेवण झाल्यावर बसवून घेतलं. भिंतीला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या.

"मी खाड्याचा हिशेब केला," त्या म्हणाल्या. "सोळा जणांच्या खाड्याचे महिन्याले चाळीस रुपयांच्या आसपास जाते. जुलैपासून जानेवारीपर्यंत सात महिने मी खाडा कापणार नाई. तीसचे तीस घेईन. पण ते पैसे माहे नाई. ज्याचं जेवढं जेवण चुकन, ते माह्याकडे जमा. भिंतीवर रेघ मारून ठेवीन. रुखमा आली, नोकरीले लागली, का तेवढे जेवणं मी फुकट घालीन. एकही कमी नाई."

कॉलेजातला हरिदास, जो सगळ्यात जास्त खायचा, म्हणाला, "मावशी, अन् मी तवपर्यंत पास होऊन निघून गेलो तं?"

"तू अन् पास?" कोणीतरी मागून म्हणालं, आणि हशा पिकला.

"गेला तं जिथं असन तिथून येजो," आनंदाबाई म्हणाल्या. "एका टायमाले दोन ताटं खाजो. तुले काय जड हाय?"

पोरांना ती कल्पनाच गमतीची वाटली. रुखमाताई विलायतेला आपल्या चुकलेल्या जेवणांवर जाणार, असं ते एकमेकांना सांगू लागले. शाळेचे मास्तर रूपराव म्हणाले, माझी काही हरकत नाही. एकेक करून सगळ्यांनी माना हलवल्या.

सदाशिवरावांनी हलवली नाही.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "याहीचे महिन्याले चारपाच खाडे. माहे बारा. खाडा मिळते म्हणून मी चवदा वर्सं इथं जेवलो. जेवण जमा करायची बँक मी कुठी पाह्यली नाई. मले नाई जमत."

पोरं गुरगुरली. आनंदाबाईंनी हात वर केला. "त्याहीचं खरं हाय. त्याहीचा हक्क हाय तो. सदाशिवराव, तुमी दुसरीकडं जेवा. माह्या मनात काई नाई."

"मंग माहाच एकट्याचा खाडा चालू ठेवा ना."

"एकाले एक अन् पंधराले दुसरं, असं मले जमत नाई."

सदाशिवरावांनी तांब्या उचलला, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीतून उत्तर आलं नाही. ते स्टेशनजवळच्या खाणावळीत जेवायला लागले होते.

त्यांचे ते सहा रुपये गेले तर महिन्याचे चाळीस होणार नव्हते, हे आनंदाबाईंना ठाऊक होतं. सात महिन्यांत बेचाळीसचा खड्डा. आणि चवदा वर्षांचा मेंबर गेला तो वेगळाच. जूनचे दिवस संपत आले होते. त्यांनी रुखमाकडून मोठ्या आकड्याचाच कागद लिहवून घेतला, दोन हजार तीनशे तेहतीस रुपये पाच आणे चार पै, आणि खाली सही केली. सहीला बराच वेळ लागला. कागद मात्र पाठवला नाही. तो मिठाच्या बरणीमागे दोन दिवस उभा होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सदाशिवराव ओसरीत येऊन पाटावर बसले. ताट यायच्या आधी स्वतःच बोलले.

"तिथं तं खाडाही नाई, अन् वरणात डाळही नाई."

एक पोरगा फिस्सकन हसला. आनंदाबाईंनी वाढता वाढता विचारलं, "मंग रेघा मारू का?"

"मारा. पण मी पण वहीत लिहीन."

"लिहा ना. तुमी नाई लिहिलं तं मलेच चैन पडणार नाई."

कागद दुसऱ्या दिवशी रजिस्टर डाकेनं गेला.

सप्टेंबरात रुखमा निघाली. आनंदाबाईंनी तिला लोकरीचे दोन बनियन घेऊन दिले, आणि हार्टलीबाईसाठी मेतकुटाची पुडी, तिच्यावर कसं खायचं ते सदाशिवरावांनी इंग्रजीत लिहिलेलं. वर्धा स्टेशनवर मेल फार थांबत नाही. रडायला वेळ मिळाला नाही, ते बरंच झालं.

नाताळातलं तिचं पत्र रूपराव मास्तरांनी वाचून दाखवलं. कॉलेज बंद आहे, गल्ली सामसूम आहे. हार्टलीबाईकडचे बाकीचे सगळे आपापल्या घरी गेले आहेत, त्यामुळे आम्ही दोघीच जेवतो. तिनं मला विचारलं, तुझ्या मावशीकडे आज किती जण असतील? मी सांगितलं, दिवाळी होऊन गेली, म्हणजे सगळे असतील, सोळा. शेगडीत नाणं टाकलं की तासभर ऊब राहते. पैसे पुरतात, मावशी. सगळे पुरतात.

'पुरतात' हा शब्द आनंदाबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावला.

जानेवारीअखेर भिंतीवर गेरूच्या पाचशे बहात्तर रेघा होत्या. दोनशे शहाऐंशी रुपये. दुसरा हप्ता वेळेत भरला गेला, वर दोन रुपये उरले, आणि एक फेब्रुवारीच्या सकाळपासून खाडा पुन्हा सुरू झाला. त्याच महिन्यात सदाशिवराव निवृत्त होऊन रोहण्याला गेले. जाताना वही आणि भिंत ताडून पाहिली. त्यांच्या चौऱ्याऐंशी.

रुखमा १९५६च्या पावसाळ्यात परत आली आणि नागपूरला बहिऱ्या मुलांच्या शाळेत लागली. पहिलं काम म्हणून तिनं भागीरथाला आपल्याकडे नेलं. तिच्या पगारातून दर महिन्याला खाणावळीचं धान्य येऊ लागलं आणि आनंदाबाईंनी जेवणं फेडायला घेतली. पोरांची दोन महिन्यांत फिटली. हरिदास खरोखरच पास होऊन चांद्याला नोकरीला लागला होता. तो एका दिवाळीत आला आणि तीन दिवसांत आपली एकोणीस जेवणं संपवून गेला, असं नालवाडीत अजून सांगतात. एकेकाच्या रेघा पुरत्या झाल्या की आनंदाबाई ओल्या फडक्यानं भिंतीचा तेवढा तुकडा पुसत.

सदाशिवरावांचं मात्र लांबलं. त्यांचा भाऊबंदकीचा, शेताच्या धुऱ्याचा म्हणजे बांधाचा दावा वर्ध्याच्या कोर्टात होता. महिन्याला एक तारीख. आदल्या संध्याकाळी येत, दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळ जेवत, तिसऱ्या दिवशी पहाटे जात. म्हणजे महिन्याला तीन जेवणं. "केस लवकर निकालात निघाली तं माहं नुकसान होईन," असं ते म्हणत. ती निघाली, आणि ते हरलेही, १९५८च्या पावसाळ्यात. तरी ते येत राहिले. कोर्टात काम नसे. ओसरीवर बसत, पेपर वाचत, जेवत, वहीत लिहीत.

त्या नोव्हेंबरात आनंदाबाईंना धाप लागत होती. रुखमा आठ दिवसांची रजा काढून आली होती आणि स्वयंपाक तीच करत होती. आनंदाबाई दाराशी पाटावर बसून कोणाच्या ताटात काय कमी आहे ते सांगत. सदाशिवराव त्या संध्याकाळी जेवले, दुसऱ्या दिवशी त्यांना पहाटेची गाडी होती. आनंदाबाई त्याच पहाटे झोपेतच गेल्या. वैद्य म्हणाले, त्रास झाला नसावा.

लोक रुखमाला विचारत, शेवटी काही म्हणाल्या का? ती सांगे, तसं काही नाही. जेवताना बोलल्या तेवढंच.

सदाशिवरावांनी त्या संध्याकाळी ताटातला शेवटचा घास संपवला, डाव्या हातानं वही उघडली, रेघ मारली आणि म्हणाले, "बाई, चौऱ्याऐंशी झाले. आता तुमी मले पाटावरून उठवता का?"

आनंदाबाईंनी ताकाचं गाडगं त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा ना. ताक घ्या अजून. उद्यालोक आंबून जाईन."